मुरमाचे वाण आणि एक क्रियापद

आज सकाळी तहसील कचेरीच्या फाटकापाशी एक ट्रॅक्टर येऊन थांबला आणि त्याच्या ट्रॉलीतून तांबूस मुरमाचा ढीग भसकन खाली आला. रस्त्यावर नुकतेच पाणी मारलेले होते. ओल्या जमिनीवर कोरडा मुरूम पडला की जो वास उठतो तो मातीच्या वासासारखा मऊ नसतो. त्यात दगडाचा कठीणपणा असतो, थोडा लोखंडाचा गंज असतो, आणि जमिनीच्या पोटातून प्रथमच उजेडात आलेल्या वस्तूचा कोंदटपणाही असतो. माघ लागलेला, ऊन अजून कोवळे, लिंबाखालच्या माझ्या टेबलावरचे कागद दवाने ओलसर झालेले. मी चष्मा काढून ठेवला आणि तो वास पोटभर आत घेतला. समोर बसलेल्या पक्षकाराला वाटले, मी त्याच्या वाटणीच्या अर्जाचा विचार करतो आहे. मी त्याला तसे वाटू दिले. विचार करणाऱ्या अर्जनविसाकडे पाहून पक्षकाराला धीर येतो, हे या व्यवसायात मला फार लवकर कळले.

माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण या लिंबाखाली झाले, आणि ते अद्याप चालू आहे असे मी नम्रपणे, पण ठामपणे सांगतो. आधी बोरू नव्हे पण टाक, मग टंकलेखन यंत्र, आता संगणक, अशी साधने बदलत गेली, तरी महत्त्वाचे कागद मी अजून हातानेच लिहितो. टेबल तेच राहिले. या तालुक्यातल्या माणसांचे जे काही म्हणणे सरकारच्या कानावर गेले, त्यातले पुष्कळसे आधी माझ्या कानावरून गेले आहे. पक्षकार येताना नामे घेऊन येतो: माझा भाऊ, माझा बांध, माझी विहीर. क्रियापद त्याच्याजवळ नसते. तो रडतो, हातवारे करतो, शिव्या देतो. त्या सगळ्यातून एक क्रियापद निवडून कागदावर ठेवायचे, हे माझे काम. 'नांगरला' आणि 'कोरला' यांत एका बांधाचे भवितव्य असते, हे वकील मंडळींनाही पुष्कळदा उशिरा उमगते.

एकाने दुसऱ्याला कामाला लावायचे, उठवायचे, पुढे ढकलायचे, यासाठी आपल्या भाषेत किती क्रियापदे असावीत, याचा विचार मी निवांत दुपारी करतो. भडकावणे आहे, उसकावणे आहे, डिवचणे आहे, फूस लावणे आहे, भरीस घालणे आहे. लहानपणी वडिलांबरोबर घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जायचो, तेव्हा यातली निम्मी क्रियापदे मी बैलांवर घडताना पाहिली. एखादा दलाल मरगळलेल्या बैलाची शेपटी पिरगाळून त्याला क्षणभर ताठ उभा करायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, बघा काय तेज आहे. वडील तिथून मुकाट्याने पुढे सरकायचे. पुढे कुणी म्हातारा आपल्या खोंडाच्या मानेवर नुसता तळहात ठेवून जिभेने चक् असा आवाज काढायचा, आणि ते खोंड कान टवकारून चालू लागायचे. वडील तिथे थांबायचे. पोलीस ठाण्याच्या कागदात एकच क्रियापद चालते, चिथावणे. सत्काराच्या मानपत्रात दुसरे चालते, प्रेरित करणे. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात एक जुने, घरगुती क्रियापद राहते, ते म्हणजे चेतविणे. आई रात्री निखारा राखेत पुरून ठेवायची आणि पहाटे राख सारून, फुंकणीने, घाई न करता तो चेतवायची. आग बाहेरून आणावी लागत नसे. हे क्रियापद मी आयुष्यभर जवळ बाळगले, पण सरकारी कागदावर वापरण्याची संधी मला एकदाच आली. ती एका बाईने दिली.

काष्टीच्या बाजारापासून फार दूर नसलेल्या एका गावात ही बाई अंगणवाडीत मदतनीस आहे. सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी, आणि पदर कमरेला खोचल्याशिवाय कुठलीही गोष्ट सुरू न करणारी. नवऱ्याच्या पाठीचे दुखणे जुने. घरात महिन्याच्या महिन्याला येणारे असे तिचे मानधनच. त्या गावात वस्तीवरून गावठाणात येणारी एक पाणंद होती. पाणंदीच्या दोन्ही अंगांना एका मोठ्या बागायतदाराचा ऊस. दरसाल नांगराची एक ओळ, एक तास, पाणंदीत शिरे, आणि उसाचे पाणी वाकडे होऊन तिथेच मुरे. होता होता बैलगाडीची वाट पायवाट झाली आणि पायवाट चिखल झाली. वस्तीवरची लेकरे अंगणवाडीत यायची थांबली. मग ही बाई खाऊचे पातेले डोक्यावर घेऊन, चप्पल हातात धरून, स्वतःच वस्तीवर जाऊ लागली. पुरुषांनी अर्ज केले होते. ते मीच लिहिले होते, आणि चांगले लिहिले होते. परंतु चांगला अर्जसुद्धा चौकशीच्या गठ्ठ्यात पडला की त्याला झोप लागते.

गेल्या वर्षीची संक्रांत आली. आपल्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका हळदीकुंकू करतात आणि एकमेकींना वाण देतात: कुणी डबी, कुणी चमचा, कुणी प्लॅस्टिकची टोपली. 'वाण लुटणे' म्हणतात त्याला. वाणाचा एक कायदा आहे, जो कुठल्याही राजपत्रात छापलेला नाही. दिलेले वाण नाकारायचे नसते, पदरात घ्यायचे असते, आणि एकदा घेतले की फेकायचे नसते. या बाईने त्या वर्षी घरोघर जाऊन सांगितले, की मला डबी नको आणि चमचा नको. वाण द्यायचे तर घमेलेभर मुरूम द्या, आणि तो माझ्या घरी आणू नका, पाणंदीत टाका.

तिच्या शेजारी एक म्हातारी राहते, तिला सगळा गाव आत्या म्हणतो. आत्या म्हणाली, "संक्रातीला मुरूम लुटत्यात व्हय गं? डोकं ठिकान्यावर हाय का तुझं?"

"आत्या, आजवर वानात आलेल्या गाळन्या माळ्यावर मावंनात. च्या तर एकीनंच गाळायचा."

"मग गाळन्या दी मला. मुरूम न्हाई मी उचलनार."

संक्रांतीच्या दिवशी एकटी तीच गेली. एक घमेले मुरूम, चिखलाच्या मधोमध, वर हळदीकुंकवाची बोटे. बागायतदार बांधावर उभा होता. सगळे त्याला आबा म्हणतात. तो म्हणाला, "एकलीच? चालू द्या, चालू द्या. शिमिटबी आना म्हंजी पूल हुईल." ती परत फिरली आणि त्या दिवसापासून रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी एकेक दार धरत गेली. कुणाच्या चुलीपुढे बसली, कुणाबरोबर कांदे निवडले, कुणाशी भांडली. रथसप्तमीला सकाळी पाणंदीच्या तोंडाशी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायकांची रांग होती आणि प्रत्येकीच्या डोक्यावर घमेले होते. बौद्ध वस्तीतल्या बायकाही आल्या. त्यांतली एक म्हणाली, "आमच्यात वान नसतं बाई, पन मुरूम हाय की." कुंकू लावणाऱ्या होत्या, न लावणाऱ्याही होत्या. मुरमाने कुणालाच अडवले नाही.

सर्वांत आधी त्या गेल्या बागायतदाराच्या दारी. त्याची सून बाहेर आली. तिला हळदीकुंकू लावले, चिमूटभर मुरूम तिच्या ओटीत घातला आणि भरलेले पहिले घमेले तिच्या पायाशी ठेवले. "घे बाई वान." सासरा ओसरीवर उभा. सुनेने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, पदर पुढे केला आणि वाण घेतले. मग ती आत वळली, गोठ्यापाशी पडलेल्या मुरमाच्या ढिगातले एक घमेले भरून घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली. वाण घेतले तर द्यावेही लागते. संध्याकाळपर्यंत त्या पाणंदीवरून माणूस कोरड्या पायाने चालू लागला.

काही दिवसांनी बागायतदाराची तक्रार दाखल झाली. ती एका वकिलाने लिहिली होती आणि तिची बांधणी वाईट नव्हती, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. सदर मदतनीस महिलेने गावातील महिलांना चिथावून, जमाव जमवून, माझ्या क्षेत्रात बेकायदा प्रवेश केला. सबब तिच्यावर कारवाई व्हावी व तिला सेवेतून कमी करावे. एक प्रत तहसीलदारांकडे, एक प्रत तिच्या कार्यालयाकडे. कार्यालयाने खुलासा मागितला आणि तहसीलच्या सुनावणीत काय निघते ते पाहून पुढचे ठरवू असे कळवले. म्हणजे तिची नोकरी त्या एका क्रियापदाला टांगली गेली.

ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा आत्या बरोबर होती. मी सगळे ऐकले आणि खुलासा लिहिला. अशा प्रकरणात जे लिहायचे असते तेच लिहिले: मी कोणासही चिथावले नाही, कोणासही बोलावले नाही, सर्व महिला आपापल्या मर्जीने आल्या. यात अडकण्यासारखे काही नव्हते. आमच्या व्यवसायाचा एक नियम मी कधी मोडत नाही. सही किंवा अंगठा घेण्याआधी संपूर्ण मजकूर पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचा. पुष्कळ अर्जनवीस हल्ली पुटपुटतात. मी वाचतो तेव्हा पलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानातही ऐकू जाते. मी वाचू लागलो आणि तिसऱ्या ओळीवर तिने हात वर केला.

"भाऊसाहेब, हे खोटं हाय."

"कोणते?"

"आपल्या मर्जीनं कुनी आलं न्हाई. म्या दारोदार फिरले. म्या आनल्या."

"ताई, असे लिहून दिले तर नोकरी जाईल तुमची."

आत्या मध्ये पडली. "आगं लिवू दे त्यांना. शिकलेली मानसं हायेत. तू कशाला मदी तोंड घालती?"

"आत्या, तुमी आपल्या मर्जीनं आल्ता?"

"मी? मी तुला शिव्या घालत आल्ते."

"मग? उद्या सायबानं इचारलं तर काय सांगशाल? आन् माझ्या अंगनवाडीत लेकरं हायेत, त्यांना रोज सांगते खोटं बोलू नगा म्हून."

मी लेखणी खाली ठेवली. या टेबलावर खरे बोलण्याचा आग्रह धरणारे पक्षकार फार थोडे येतात, आणि जे येतात ते दुसऱ्याविषयीच्या खऱ्याचा धरतात. स्वतःच्या नुकसानीचे खरे मागणारी ही पहिलीच. मी तिला पर्याय दिले. 'विनंती केली' असे लिहू का? ती म्हणाली, "इनंतीनं आत्या हालती व्हय?" 'प्रोत्साहन दिले'? "ते बक्षीस वाटताना देत्यात." शेवटी मी जरा चिडूनच विचारले, की तुम्ही त्या बायकांच्या घरी जाऊन नेमके केले तरी काय. ती सांगू लागली. आत्याला तिने फक्त इतके विचारले होते, की तुमची नात त्या चिखलात पडून रडत घरी आली, त्या दिवशी तुमी कुनाकुनाला काय काय बोलला हुता? आत्या पुन्हा तेच सगळे बोलली, आणि बोलता बोलता उठून घमेले शोधू लागली. दुसरीला विचारले, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन तुमी कुठं घसरला हुता, ती जागा दावता का. स्वतःचे असे काही ती कुणाला बोललीच नव्हती. ज्याच्या त्याच्या घरात जे धुमसत होते, त्याच्यावरची राख तिने तेवढी बाजूला केली होती.

लिंबाखाली तेव्हा बरीच वर्दळ होती, पण मला ती ऐकू येईनाशी झाली. इतकी वर्षे जपून ठेवलेले ते क्रियापद आपण होऊन समोर आले. मी नवा कागद घेतला आणि लिहिले: 'रस्त्याविषयीची तळमळ गावातील महिलांच्या मनात पूर्वीपासून होती. ती मी चेतविली, हे मी कबूल करते. मी त्यांना चिथावले नाही. त्यांच्या मनात नव्हता असा राग मी त्यांना दिला नाही. संक्रांतीचे वाण म्हणून प्रत्येकीने मुरूम टाकला व सदर वाण तक्रारदार यांच्या सुनेने ओटीत स्वीकारले आहे.' मी मोठ्याने वाचले. ती शांतपणे ऐकत राहिली, मग म्हणाली, "आता बरूबर हाय," आणि तिने सही केली. तिचे अक्षर वळणदार आहे.

सुनावणीच्या दिवशी मी तहसीलदारांच्या दालनाच्या दारात उभा होतो. अर्जनविसाला आत बोलण्याचा अधिकार नसतो. बागायतदाराच्या वकिलांनी खुलासा हातात धरून सांगितले, "साहेब, ही तर कबुलीच आहे. चिथावले काय आणि चेतविले काय, भाकरी तीच, तवा बदलला." साहेबांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि विचारले, हे कोणी लिहिले. शिपायाने मला आत नेले. मी आयुष्यात पुष्कळ साहेबांपुढे उभा राहिलो आहे, पण एका शब्दासाठी प्रथमच. मी म्हणालो, "साहेब, चिथावलेला माणूस दगड मारतो आणि नंतर विचारतो, कशासाठी मारला. चेतविलेल्याला ते विचारावे लागत नाही. या बायका बाहेर बसल्या आहेत. कोणालाही विचारा, मुरूम कशासाठी टाकला."

साहेबांनी आत्याला बोलावले. "आजी, तुम्ही हिच्या सांगण्यावरून गेलात ना?"

"व्हय. सांगितलं हिनं. पन पाय माझं हुतं."

"तिथे कोणाला शिवीगाळ केली?"

"केली की. हिलाच केली. सकाळच्या पारी उठीवलं म्हून."

दालनात हसू पसरले. साहेब हसले नाहीत. ते बागायतदाराकडे वळले. "तुमच्या क्षेत्रात मुरूम टाकला, नुकसान झाले, असे तुमचे म्हणणे. मग इतके दिवस तो काढून का नाही टाकला? ट्रॅक्टर आहे तुमच्याकडे."

बागायतदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली. वकिलांनी त्याच्या दंडाला हात लावला, पण तो बोललाच. "साहेब, ते वान हाय. सुनंनं वटीत घेतलंय. घरात लहान लेकरू हाय. फेकू कसं?"

वकिलांनी कागद गोळा करायला घेतले. ज्या घराने वाण पदरात घेतले त्या घराची जागा बळकावली असे म्हणता येत नाही, एवढे साऱ्या दालनाला एकाच वेळी कळले होते, आणि मला वाटते बागायतदारालाही ते आपल्याच तोंडून ऐकून कळले. पुढे साहेब स्वतः जागेवर जाऊन आले. आदेश निघाला. पाणंद खुली ठेवण्याचे त्यात होतेच, पण मला पाठ आहे ते शेवटचे वाक्य: सदर महिलेने ग्रामस्थ महिलांना चेतविले आहे, मात्र चिथावले असे दिसून येत नाही. त्या वाक्याच्या आधाराने तिच्या कार्यालयाने खुलासा मान्य केला आणि तिची नोकरी राहिली. प्रकरण वाणाने फिरले, माझ्या शब्दाने नव्हे, असे वकील मंडळी चहाच्या टपरीवर म्हणतात. त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे नाकारत नाही. परंतु खोटा खुलासा गेला असता तर वाणाची गोष्ट त्या दालनात निघालीच नसती. शब्द खरा होता म्हणून पुढचे खरे बोलायला बागायतदारालाही जागा मिळाली. आणि शासनाच्या आदेशात माझ्या आईच्या चुलीपुढचे क्रियापद बसले, ही गोष्ट मी मोठेपणा म्हणून सांगत असेन तर सांगू द्यावे. माझ्या आयुष्यात अशा गोष्टी ढिगाने नाहीत.

यंदाच्या रथसप्तमीला मी मुद्दाम त्या गावी गेलो. मनात एक चित्र होते, की ती बाई पदर खोचून पुढे आहे आणि मागे बायकांची रांग आहे. पाणंदीत रांग होती, घमेली होती. पावसाळ्यात वाहून गेलेले खड्डे भरणे चालू होते. बागायतदाराची सून कडेवरचे लेकरू सावरत मुरूम पसरत होती. उसाने भरलेला एक ट्रॅक्टर बाजूला थांबला होता, वाट मोकळी होण्याची वाट पाहत, आणि त्यावर आबा बसला होता. ती बाई मात्र कुठे दिसेना. मी आत्याला विचारले.

"घरी निजलीय. ताप हाय तिला."

"मग यंदा तुम्हा सगळ्यांना बोलावले कोणी?"

आत्याने घमेले खाली ठेवले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की भाऊसाहेब म्हणवणाऱ्या माणसाला एवढेही कळू नये. "बोलवायला काय झालं? आज रथसप्तमी न्हाई का?"

मी तसाच चालत तिच्या घरी गेलो. ती गोधडी पांघरून बसली होती. मी पाहिलेले सांगितले. तिने नुसते विचारले, "वळनावरचा खड्डा भरला का?" भरला, म्हणालो. ती बरे म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली.

कचेरीतले कागद मुदत संपली की नष्ट करतात. तो आदेशही एक दिवस त्या गठ्ठ्यात जाईल, आणि माझा शब्द त्याच्याबरोबर जाईल. पूर्वी या विचाराने मला वाईट वाटले असते, कारण लिहिलेले टिकते अशा समजुतीवरच मी हे टेबल इतकी वर्षे चालवले. आता तसे वाटत नाही. मी नसेन, ती नसेल, आत्या तर आधीच नसेल. त्या गावात माघ लागला की बायका घमेली घेऊन निघतील, आणि आपल्याला हे कोणी चेतविले असे विचारायचे त्यांतल्या एकीलाही सुचणार नाही.